कोरी ताटली

सोमवार, ४ मार्च

नवी नोकरी, नवी वही आणि पायात नवे बूट. बूट चावतात. वही ताईने दिली. रोजचं सगळं हिच्यात ओत, म्हणजे संध्याकाळी फोन करून माझं डोकं खाणार नाहीस, असं वर म्हणाली. मी दोन्ही करणार हे तिलाही माहीत आहे.

दोन वर्षं घरात बसून काढल्यावर पुन्हा कामावर जायचं, या आनंदात मी अर्धा तास आधीच पोचले आणि फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. इमारत लांबट, पिवळी, तीन मजले वर आणि एक जमिनीखाली. इथे जुन्या नोंदवह्या ठेवतात. कोण कधी जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कधी गेलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुरात यातल्या काही हजार वह्या भिजल्या आणि तेव्हापासून त्यांना बुरशीने धरलंय. माझं काम म्हणजे मऊ ब्रशने एकेक पान झाडायचं, डाग कोरडा आहे की जिवंत ते बघायचं, आणि जिवंत असेल तर वही वेगळ्या पेटीत टाकायची. पूर्वी वाचनालयात मी हेच करत असे, त्यामुळे हात बसलेला आहे.

सगळं दाखवायला बाइंडरमावशी होत्या. साठीच्या, उंच, बोटांना कायम खळ लागलेली आणि जिभेला तिखट. माझे बूट बघून म्हणाल्या, बूट तर वर्षभर टिकतील, बाई किती टिकते ते बघू. मला त्या लगेच आवडल्या.

माझी खोली खालच्या मजल्यावरची चौथी. छतालगत एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एक मोठं टेबल, दिवा, भिंतीभर लोखंडी रॅक. वास तळघराचा असतो तसाच, ओल्या पुठ्ठ्याचा. खुंटीला आधीच्या बाईचा मास्क अजून लटकत होता. मावशींनी तो चिमटीत धरून पिशवीत टाकला आणि लगेच साबणाने हात धुतले. त्यांच्या मानाने हे विशेषच म्हणायला हवं.

मंगळवार, ५ मार्च

आज काकांशी नीट बोलणं झालं. काका म्हणजे इथले प्रमुख. त्यांना सगळे काकाच म्हणतात, अगदी मावशीसुद्धा, आणि त्या तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या. बारीक अंगकाठी, मऊ आवाज, दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय कुठल्याही खोलीत पाऊल टाकणार नाहीत. मुलाखतीत त्यांनी तब्येतीचं विचारलं होतं तेव्हा मी लपवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या, ताईने तिची एक दिली, आणि ती टिकावी म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते, हे सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, झालं, गेली ही नोकरी. पण अशी माणसं जपून काम करतात, असं म्हणून त्यांनी तिथेच हो म्हटलं. इतकं हायसं वाटलं की घरी येऊन मी रडले.

आजही त्यांनी आपुलकीने विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना. घेते म्हटलं.

माझ्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंना मात्र मी फक्त कार्यालयात बसून काम आहे असं सांगितलंय. खोटं नाही, बसूनच करते. धुळीत जायचं नाही, कुंडीतली माती उकरायची नाही, ओल आलेल्या भिंतीजवळ झोपायचं नाही, अशी त्यांची यादी माझ्या हाताएवढी आहे. ती ऐकत बसले तर जगायचं कधी? मास्क आहे, हातमोजे आहेत. पुरे.

ताईच्या किडनीला मी पाहुणी म्हणते. ती पोटात उजवीकडे, खाली, कातडीच्या अगदी जवळ आहे. हात ठेवला की तिचा उंचवटा लागतो. आज जिना उतरताना तिला सांगितलं, बाई गं, आता आपण दोघीही कमावत्या झालो.

शुक्रवार, ८ मार्च

इथली एक गंमत लिहायची राहिली. दर शुक्रवारी सकाळी प्रत्येक खोलीत एक काचेची ताटली तासभर उघडी ठेवतात. तिच्या तळाशी जेलीसारखा थर असतो. हवेतलं बुरशीचं बी त्यावर बसतं. मग झाकण लावून ताटली उबेच्या कपाटात जाते आणि पुढच्या बुधवारी काका स्वतः मोजतात की किती ठिपके उगवले. आकडा एका जाड वहीत चढतो. ज्या खोलीची ताटली लागोपाठ तीन बुधवार कोरी निघेल, तिच्या दारावर हिरवी पट्टी लागते आणि तिथे मास्क घालावा लागत नाही. सगळे त्या पट्टीसाठी झुरतात. मास्क घालून आठ तास काढले की कानामागची कातडी सोलून निघते.

चौथी खोली सगळ्यांत वाईट. मी यायच्या आधीच्या ताटलीवर एकसष्ट ठिपके होते. मावशी म्हणाल्या, तुझी पट्टी तुझ्या नातवंडांना दिसेल.

बुधवार, १३ मार्च

नऊ! एकसष्टावरून नऊ. काकांनी ताटली उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिली. मावशींनी माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा पडला. मी काही वेगळं केलेलं नाही, पण श्रेय आयतं मिळत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

बुधवार, २० मार्च

शून्य. ताटली धुतल्यासारखी. शेजारच्या तिसऱ्या खोलीत चाळीस आणि माझ्याकडे काही नाही. मावशींनी विचारलं, जादूटोणा करतेस की काय. या वेळी त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, २८ मार्च

कालही शून्य.

आज तपासणीला गेले होते. पाहुणी मजेत आहे, रक्ताचे आकडे झकास. डॉक्टरीणबाईंना वेळ होता, म्हणून मी सहज विचारल्यासारखं बुरशीचं विचारलं. त्यांना असं काही समजावून सांगायला फार आवडतं, कागद-पेन घेऊन बसल्याच.

म्हणाल्या, बुरशीचं बी सगळेच जण दिवसभर श्वासातून आत घेतात, शेकड्यांनी. त्या बीवर एक अंगरखा असतो, त्यामुळे ते आत आलं तरी शरीराच्या चौकीदारांना ते बी आहे हे ओळखूच येत नाही. पण ऊब आणि ओल मिळाली की बी फुगतं, अंगरखा फाटतो, आणि मग चौकीदार धावतात. फुफ्फुसात कायम फिरणाऱ्या काही पेशी असतात, त्या सापडेल ते बी गिळून टाकतात. एखादं निसटून त्याला धागा फुटलाच, तर तो गिळता येण्याएवढा छोटा राहत नाही. मग रक्तातून दुसऱ्या पेशींची फौज येते. त्या धाग्याला चिकटतात, त्याच्यावर विष ओततात, आणि काही तर स्वतः फुटून पोटातल्या तंतूंचं जाळं त्याच्यावर टाकतात. मरून पकडतात. या सगळ्यांना कुठे जा, किती जोर लावा, हे सांगणाऱ्या तिसऱ्या असतात.

माझ्या गोळ्या मुख्यतः त्या तिसऱ्यांना झोपवतात, कारण त्याच पाहुणीला परकी ठरवून हाकलतील. त्या झोपल्या की बाकीच्याही ढिल्या पडतात. मी विचारलं, मग माझ्याकडे बी आलं तर? त्या म्हणाल्या, म्हणूनच तुला धुळीत जायचं नाही सांगितलंय. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी विषय बदलला.

बुधवार, ३ एप्रिल

तिसरा शून्य. दारावर हिरवी पट्टी लागली. काकांनी स्वतः स्टुलावर चढून लावली आणि खाली उतरल्यावर माझा मास्क दोन्ही हातांनी हलकेच काढून घेतला, लहान मुलाची टोपी काढावी तसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथी खोली तीन वर्षांनी मोकळी झाली म्हणे.

मी क्षणभर थबकले, हे खरं. डॉक्टरीणबाईंचा कागद आठवला. पण ताटली कोरी आहे म्हणजे हवेत काही नाहीच, मग मास्क कशासाठी? इथला नियमच आहे तसा, आणि त्यांची अक्कल माझ्यापेक्षा जास्त. शिवाय गालाला वारा लागला तेव्हा काय सुख वाटलं! फक्त मावशी टाळ्या न वाजवता वर निघून गेल्या. त्यांच्या खोलीला अजून पट्टी नाही, त्याचा राग असावा.

शुक्रवार, १२ एप्रिल

कामाचा वेग दुप्पट झालाय. एका वहीची एका दिवसात चाळीस पानं. जन्माच्या नोंदी वाचण्यात वेळ जातो, एवढाच दोष. एका बाईला अकरा मुलं, सगळ्यांच्या नावापुढे तीच शाई, आणि शेवटच्या मुलापुढे तिच्याही नावाची नोंद मृत्यूच्या वहीत पाहा असं लिहिलेलं.

थोडा खोकला आहे. कोरडा. खालच्या मजल्यावर गारवा असतो, त्याचा असेल.

बुधवार, २४ एप्रिल

ताटली कोरी, हे आता सांगायलाही नको.

आज एक विचित्र झालं. काल संध्याकाळी मी एक वही अर्धवट सोडली होती. पान बहात्तर झाडून झालेलं, त्र्याहत्तरवर हिरवट काळा मोठा डाग, तळव्याएवढा. खूण म्हणून त्यात कागदाची पट्टी घातली होती. आज उघडली तर त्र्याहत्तर स्वच्छ. चौऱ्याहत्तरही. मी पुढे उलटत गेले. शेवटपर्यंत एकही डाग नाही, फक्त कागद जिथे आधीच खाल्ला गेलाय तिथे भोकं. बी नाही, भुकटी नाही. बोट फिरवलं, बोट कोरडं.

रॅकमधल्या इतर वह्या काढून पाहिल्या. माझ्या खुर्चीजवळच्या सगळ्या साफ. दाराजवळच्या काही अजून डागाळलेल्या, आणि त्यांचे डाग पानाच्या एकाच कडेला गोळा झालेले. खुर्चीच्या बाजूच्या कडेला.

काकांना दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वह्यांमध्ये लाखभर माणसं आहेत, आता ती वाचली, असं म्हणाले. मग मी उन्हात बसते का, जेवण नीट होतं का, खोकल्याला काही घेतलं का, हे सगळं विचारलं. मी खोकल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं.

सोमवार, २९ एप्रिल

ताप. खोकताना उजव्या कुशीत सुई टोचते. ताई येऊन थांबली आहे. मी एवढी वाईट दिसते का, असं विचारलं तर म्हणाली, नाही गं, त्याहून वाईट दिसतेस. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज कुणी एवढा मोठा ठेवत नाही, हे तिला कोण सांगणार.

गुरुवार, २ मे

रुग्णालयात. छातीच्या फोटोत उजवीकडे कापसाच्या बोळ्याएवढा एक गोळा आहे आणि त्याच्याभोवती धूसर कडं. रक्तात बुरशीच्या अंगावरची साखर सापडली. डॉक्टरीणबाई आज थट्टेत बोलल्या नाहीत. नोकरीत नेमकं काय करतेस, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते शब्दशः कागदावर उतरवून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करायचे. बुरशीवरचं औषध सुरू करायचं, आणि माझ्या गोळ्या निम्म्यावर आणायच्या, म्हणजे चौकीदार जागे होतील. नुसत्या औषधाने भागणार नाही, शेवटचं काम त्यांनीच करायचं असतं. पण जागे झालेले चौकीदार आधी बुरशीकडे जातील की पाहुणीकडे, ते कुणालाच सांगता येत नाही.

ताई शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिचा हात नकळत तिच्या डाव्या कुशीवर गेला, जिथे तिला व्रण आहे.

मंगळवार, ७ मे

घरी. इथे खरं लिहायला हवं, दुसरीकडे कुठे लिहिणार. मी गोळ्या निम्म्या केलेल्या नाहीत. पाच दिवस पुऱ्या घेतेय. ताईने माझ्यासाठी स्वतःचं पोट फाडून घेतलं. ते मी चार दिवसांच्या तापापायी फेकून देऊ?

नव्या औषधाने डोळ्यांपुढे रंग नाचतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. भिंतीवर हिरवे ठिपके येतात आणि जातात. पापण्या मिटल्या तरी दिसतात.

काकांचा रोज फोन येतो. ताईशी बोलतात. मी कधी येणार, असं विचारतात.

बुधवार, ८ मे

ताईने गोळ्यांची डबी उघडून पाहिली. तिला असं चिडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणाली, किडनी दिली ती तू जगावंस म्हणून. ती जगावी म्हणून तू मरायचं, असा माझा तिच्याशी काही करार झालेला नाही. माझं मांस आहे, मी सांगते, जाऊ दे तिला. मग मला मिठीत घेतलं आणि लहानपणी भरवायची तशी अर्धी गोळी माझ्या जिभेवर ठेवली.

मी पाहुणीवर हात ठेवून माफी मागितली. काय बोलले ते लिहिणार नाही.

रविवार, १२ मे

ताप आणखी वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खूण चांगली आहे, आता आत लढाई जुंपली. मला ती ऐकू येते. खोकल्यात काळसर तंतू पडतात.

पाहुणी सुजली आहे. लघवी कमी.

दुपारी मावशी आल्या. फळं आणली होती, पण त्या फळांसाठी आल्या नव्हत्या. मी रजेवर गेल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी चौथ्या खोलीची ताटली उघडी ठेवली, तिच्यावर बुधवारी दोनशेचाळीस ठिपके निघाले म्हणे. ताटली झाकणापर्यंत भरली. आणि ठिपके सगळे एकाच बाजूला, दाराच्या.

मग त्यांनी पिशवीतून जाड वही काढली. ताटल्यांची. काकांच्या कपाटातून चोरून आणली होती. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, मला वीस वर्षं वाटत होतं की माझं डोकं फिरलंय. तू वाच आणि सांग.

मी वाचलं. चौथी खोली. साठ, सत्तर, पंचावन्न, वर्षानुवर्षं. मध्येच शून्यांची एक रांग, चौदा आठवडे. मग एकदम दोनशेबारा. पुन्हा साठ, सत्तर. पुन्हा रांग, नऊ आठवडे. मग एकशेनव्वद. मग तिसरी, सहा आठवडे.

मावशींना तिघंही आठवतात. पहिला माणूस रक्ताच्या आजारावरचं औषध घेत होता. दुसऱ्या बाईत कुणाचं तरी यकृत होतं. तिसरी, मास्कवाली, सांध्यांसाठी सुजेवरच्या गोळ्या खायची, वर्षानुवर्षं. तिघंही खोकत गेले. मध्ये तिथे बसलेली धडधाकट माणसं मात्र धडधाकटच राहिली, आणि त्यांच्या ताटल्या भरलेल्या.

हवा स्वच्छ नव्हती झाली कधी. ती सगळी आमच्यात येत होती. कागदापेक्षा आम्ही बरे. उबदार, ओले, आणि दारात चौकीदार झोपलेला.

प्रत्येक रांगेच्या आधी, समासात, पेन्सिलीने कुणी रुजू झाल्याची तारीख आणि तिच्यापुढे एक बारीकशी बरोबरची खूण. काकांचं अक्षर मी ओळखते. ४ मार्चपुढेही आहे.

मंगळवार, १४ मे

काका भेटायला आले. दोनदा टकटक केली. मी वही दाखवली.

नाकारलं नाही. खुर्ची ओढून शांतपणे बसले. म्हणाले, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. तरुणपणी सात वर्षं मी स्वतः त्या खोलीत बसलो, मास्क न घालता, तोंड उघडं ठेवून. माझ्यात ती रुजतच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मला कळलं की त्यांना त्याचं दुःख आहे. लाखभर नावं आहेत हो तिथे, म्हणाले, आणि आपण एकेक.

ताईने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तरी जाता जाता चपला घालताना त्यांनी विचारलंच, बरं वाटलं की येणार ना.

सोमवार, २० मे

पाहुणी गेली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर. ताई म्हणाली, बरं झालं, फार मिजास वाढली होती तिची. आणि माझा हात सोडेना.

पण गोळा निम्म्याहून लहान झालाय. चौकीदार पोचले. मी जगेन असं त्या म्हणाल्या. मी आणि ताई खूप रडलो, खूप हसलो.

गुरुवार, २३ मे

मावशींचा फोन. चौथ्या खोलीत सोमवारपासून नवी मुलगी बसते. पंचविशीची. डोक्याला रुमाल, भुवया नाहीत, कसलीशी ट्रीटमेंट चालू आहे. एवढी हसरी, की मावशींना तिच्याकडे बघवत नाही. सांगायला गेल्या तर म्हणाली, काका किती चांगले आहेत, मला दुसरं कुणीच घेत नव्हतं.

मार्चमध्ये मीही हेच म्हणाले असते.

मावशींवर तिचा विश्वास नाही. माझ्यावर बसेल. मी खोकून दाखवीन —

शुक्रवार, २४ मे

चौथ्या खोलीत बसून लिहितेय. ताई फाटकाशी टॅक्सीत आहे. दहा मिनिटं, मास्क काढायचा नाही, या अटीवर सोडलं तिने. मुलगी चहाला वर गेली आहे, येईलच. ही वही तिच्या हातात द्यायची आणि निघायचं.

तिचा डबा टेबलावर. तिची ताटली उघडी. शुक्रवार आहे.

वास तोच.

जिना उतरून धाप लागली, म्हणून बसले. माझ्याच खुर्चीत.

खोकला थांबलाय. महिन्याभरात पहिल्यांदा. छातीत इतकं मोकळं — इतकं बरं —

मास्क मांडीवर आहे. मी कधी काढला?

ताटलीवर ठिपके. तासाभरात उगवत नाहीत. पाच दिवस लागतात. औषधाचे रंग असतील. डोळे मिटले. उघडले. आहेत. माझ्या बाजूच्या कडेला. मी श्वास सोडते तेव्हा —

ताई गं, उठता येत नाही. पाय —

खिडकीत पाय दिसतात. ताईच्या चपला. फाटकातून आत येतेय.

जिन्यावरही पावलं. हलकी. गुणगुणत येतेय. ती नवी मुलगी.

पोरी, लवकर लिहिते, वाच. ताटली कोरी निघाली की सगळे टाळ्या वाजवतील. तू वाजवू नकोस. पट्टी लागली तरी मास्क काढू नकोस. आजच जा. आणि मी खुर्चीत अशी बसलेली दिसले, झोपल्यासारखी, तर दया येऊन जवळ येऊ नकोस. श्वास चालू आहे का बघायला माझ्या तोंडाशी वाकू नकोस. ताईलाही वाकू देऊ नकोस, ती वाकेलच, तिला धर, कारण आता मीच ती भरलेली ताटली —